म्-कोय केव्हा, तोचे केव्हा

हाँगकाँगमध्ये कोणी तुमच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं, तर 'म्-कोय' म्हणायचं. त्याच माणसाने तुमच्या हातात भेटवस्तू ठेवली, तर 'तोचे' म्हणायचं. शब्दकोशात दोन्हींपुढे 'आभार' एवढंच लिहिलेलं असतं, पण कँटोनीज माणूस त्यांची अदलाबदल कधी करत नाही. कोणी तुमच्यासाठी काही केलं तर म्-कोय, कोणी तुम्हाला काही दिलं तर तोचे. वेटरने चहा आणून ठेवला, म्-कोय. त्या चहाचे पैसे मित्राने भरले, तोचे. ड्रायव्हरने सुटे परत दिले, म्-कोय. नवीन वर्षाला वडीलधाऱ्यांनी लाल पाकीट दिलं, तोचे. भाषण छान झालं असं कोणी म्हणालं, तरी तोचेच, कारण कौतुक हीसुद्धा दिलेली गोष्ट.

म्-कोयचं काम इथे संपत नाही. गर्दीतून वाट काढताना 'जरा सरका', वेटरला हाक मारताना 'अहो', रस्ता विचारताना 'जरा सांगता का' या सगळ्याला हा एकच शब्द चालतो. त्याचं उत्तर 'म्-सय', म्हणजे 'त्याची गरज नाही'. दिवसभर हाँगकाँगात हिंडताना इतर काही आलं नाही आणि म्-कोय तेवढा नीट आला, तरी माणूस सभ्य ठरतो.

कँटोनीज ही दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग आणि ग्वांग्शी प्रांतांतली, हाँगकाँग आणि मकावची भाषा. तिचं नाव कँटनवरून, म्हणजे आजच्या ग्वांगझू शहरावरून पडलं. तिच्या बोलींसकट बोलणारे आठ कोटींच्या घरात आहेत. सॅन फ्रान्सिस्को, व्हँकुव्हर, सिडनी, क्वालालंपूर इथल्या जुन्या चिनी वस्त्याही याच भाषेने गजबजल्या. बीजिंगची मँडरिन आणि कँटोनीज यांची लिपी मोठ्या प्रमाणात एक आहे, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. अशी भाषा शिकताना बहुतेकजण शब्दांची यादी पाठ करायला घेतात आणि फसतात. कँटोनीज शब्द पाठ करायचा तो त्याच्या जागेसकट: कुठे, कोणाला, कोणत्या सुरात आणि वाक्याच्या शेवटी काय लावून.

देवनागरीची सोय

आधी उच्चार. इथे मराठी माणूस इंग्रजी माणसाच्या चार पावलं पुढे असतो. कँटोनीजमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगळे ध्वनी आहेत. ग, द, ब मात्र नाहीत. रोमन लिपीत ख दाखवायला स्वतंत्र अक्षर नसल्याने क साठी 'जी' आणि ख साठी 'के' हे अक्षर वापरतात. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ साली तयार केलेली 'युतफिङ्' ही रोमन लेखनपद्धत अशीच चालते. म्हणून इंग्रजीतून वाचणारा आठाला 'बात' म्हणतो. खरा उच्चार 'पात्'. देवनागरीत तो जसाच्या तसा लिहिता येतो.

अ आणि आ यांचंही तसंच. 'सम्' म्हणजे हृदय, 'साम्' म्हणजे तीन. इंग्रजी कानाला हा फरक पकडायला वेळ लागतो, आपण तो बाराखडीत शिकलेलो असतो. 'डिमसम' हा जगभर गेलेला शब्द मुळात 'तिम्-सम्' आहे. चमच्यातला दंत्य च कँटोनीजमध्ये सर्रास येतो. आणि वाङ्मयाखेरीज आपण ज्याला फारसं काम देत नाही तो ङ इथे पावलोपावली भेटतो: 'ङो' म्हणजे मी आणि नुसता 'ङ्' म्हणजे पाच. या प्रकरणात शब्दाच्या शेवटी ङ् लिहिला असेल तिथे ग चा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. शेवटच्या क्, त्, प् ला ओठ किंवा जीभ जागेवर नेऊन थांबायचं, हवा सोडायची नाही. फ मात्र दोन प्रकारचा आहे: काही शब्दांत आपला फळातला, काही शब्दांत फॅनमधला. या प्रकरणात भरभराटीचा 'फात्', भातासाठीचा 'फान्' आणि उडवण्याचा 'फेइ' हे फॅनमधल्या फ चे आहेत.

आणखी एक सूचना. पुस्तकात 'तू' साठी 'नेइ' लिहिलेलं असेल, पण हाँगकाँगच्या रस्त्यावर बहुतेकजण 'लेइ' म्हणतात. 'ङो' चाही अनेकजण नुसता 'ओ' करतात. शिक्षक याला आळशी उच्चार म्हणून नाक मुरडतात. शिकणाऱ्याने तोंडात पहिला ठेवावा आणि कानात दोन्ही.

सूर चुकला की व्यवहार उलटा

खरी कसोटी सुरांची. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत: उंच सपाट, उंच चढता, मधला सपाट, खाली उतरता, खालून चढता आणि खालचा सपाट. सूर बदलला की शब्दच बदलतो. बाजारातलंच उदाहरण घ्या. 'माय' पाचव्या सुरात, म्हणजे खालून किंचित वर नेत म्हटलं तर 'विकत घेणे'. तोच 'माय' सहाव्या सुरात, खालीच सपाट ठेवून म्हटलं तर 'विकणे'. दोन्ही जोडून 'माय-माय' म्हणजे धंदा. 'थोङ्' उंच सुरात म्हटलं की सूप, खाली उतरवत म्हटलं की साखर.

सहा सूर लक्षात ठेवायला कँटोनीज शिकवणारे एक आकडा देतात: ३९४०५२. साम्, कौ, सेइ, लिङ्, ङ्, यी. हे सहा अंक ओळीने म्हटले की पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे सूर एकापाठोपाठ येतात. परंपरेने सूर नऊ मोजतात, कारण क्, त्, प् ने तुटणारी अक्षरं वेगळी धरली जातात; त्यांचा आकडा ७८६. छत्, पात्, लुक्. नवीन शब्द शिकला की तो या अंकांपैकी कोणासारखा वाजतो हे ठरवून टाकायचं. 'छा' म्हणजे चहा, शून्यासारखा. 'पा-सी' म्हणजे बस, पहिलं अक्षर तीनसारखं, दुसरं नऊसारखं. 'तिक्-सी' म्हणजे टॅक्सी, पहिलं सातसारखं आणि दुसरं पुन्हा नऊसारखं. इंग्रजीतून आलेल्या शब्दालासुद्धा सुराशिवाय या भाषेत प्रवेश नाही.

चहाघरातली भाषा

शब्दाची जागा पाहायची तर 'छा-छान्-थेङ्' गाठावं. ही हाँगकाँगची स्वस्त, गजबजलेली खाणावळ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती फोफावली. युरोपियन हॉटेलातले पदार्थ सामान्य माणसाला परवडतील अशा दरात आणि चिनी जिभेला रुचतील अशा चवीत तिथे मिळू लागले. इथल्या कडक दूधचहाला 'नाय-छा' म्हणतात. तो कापडाच्या लांब पिशवीतून पुन्हापुन्हा गाळतात. चहा मुरून पिशवी पायमोज्यासारखी तपकिरी दिसते, म्हणून त्याला रेशमी मोज्याचा चहा असंही नाव पडलं. ही चहा करण्याची पद्धत हाँगकाँगने २०१७ साली आपल्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घातली. चहा आणि कॉफी एकत्र केली की 'युन्-यॉङ्'. हे चीनमध्ये जोडीने राहणाऱ्या बदकांचं नाव आहे.

या खाणावळीत 'चौ' हा शब्द ऐका. चौकातला चौ म्हणा, सूर नऊचा. एरवी त्याचा अर्थ पळणे, निघून जाणे. खाणावळीत त्याचा अर्थ 'ते नको'. 'चौ-पिङ्' म्हणजे बर्फ नको. 'चौ-थिम्' म्हणजे साखर नको. 'छा-चौ' म्हटलं तर चहाच निघून जायला हवा, पण तसं होत नाही: नेहमीचं दूध आणि साखर जाते आणि त्याऐवजी आटवलेलं गोड दूध येतं. काळ्या कॉफीला 'फेइ-सा-चौ-नाय', म्हणजे वाळू उडव, दूध घालव. वाळू म्हणजे साखर. पार्सल हवं असेल तर 'हाङ्-काय', एरवी अर्थ रस्त्यावर फिरणे. ग्राहक जेवणार नाही, जेवणच फिरायला निघणार.

एक पुरी ऑर्डर अशी: 'म्-कोय, यत् पुइ तुङ्-निङ्-छा, चौ-थिम्.' यत् म्हणजे एक, पुइ म्हणजे पेला, तुङ् म्हणजे थंड, निङ् म्हणजे लिंबू. एवढ्या वाक्यात हाक, विनंती, संख्या, माप, पदार्थ आणि नकार सगळं आलं. 'पुइ' वगळून चालत नाही. कँटोनीजमध्ये आकडा थेट नामाला चिकटत नाही, मध्ये मापाचा किंवा आकाराचा शब्द लागतो. सपाट वस्तूंना 'चॉङ्', म्हणून टेबल, कागद आणि पलंग एका पंगतीत. लांबट वस्तूंना 'थिउ', म्हणून मासा, रस्ता आणि पँट सोबत. प्राण्यांना 'चेक्', गाड्यांना 'का'. आपण चार जण आणि पाच नग म्हणतो तेवढीच सवय, फक्त इथे प्रत्येक नामाला.

वेटर ऑर्डर आत ओरडून सांगतो तेव्हा 'लेङ्-चय' ऐकू आलं तर चमकू नका. शब्दशः देखणा पोरगा, पण स्वयंपाकघराच्या भाषेत साधा पांढरा भात. 'लेङ्-नोय', म्हणजे देखणी पोरगी, ही साधी तांदळाची पेज. हेच दोन शब्द बाहेर बाजारात हाक म्हणून चालतात. भाजीवाली साठीची असली तरी तिला 'लेङ्-नोय' म्हणतात आणि तीही गिऱ्हाईकाला तसंच म्हणते. त्यात कौतुक कमी, सौजन्य जास्त. दुकानमालकाला 'लोउ-सय', म्हणजे शेठ. जेवण झालं की 'माय-तान्', म्हणजे बिल आणा.

सकाळचं चहाघर वेगळं. तिथे जाण्याला 'यम्-छा' म्हणतात, शब्दशः चहा पिणे, पण नुसता चहा पिऊन कोणी उठत नाही. वाफेच्या टोपल्यांतून 'हा-काउ', म्हणजे पारदर्शक पारीतल्या कोळंबीच्या करंज्या, 'सिउ-माय' आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचे 'छा-सिउ-पाउ' येतात. हा पाउ आणि आपला पाव यांचं नातं मात्र नाही: आपला पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा त्यांच्याच घरचा. शेजाऱ्याने तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं. वेशांतर केलेल्या चिएनलुंग बादशहाने स्वतः चहा ओतला, तेव्हा सेवकांना त्याच्या पाया पडता येईना, म्हणून त्यांनी बोटं वाकवली, अशी आख्यायिका सांगतात. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण कलतं ठेवायचं, बोलायची गरज नाही. आणि निरोप घेताना कोणी 'तक्-हान् यम्-छा' म्हणालं, म्हणजे 'सवडीने चहाला भेटू', तर डायरी काढू नका. 'या एकदा चहाला' याचा आपण जेवढा अर्थ घेतो, तेवढाच घ्यायचा.

तोंडाला टाळायचे शब्द

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जो हे जाणतो त्याला कँटोनीजचा हा भाग पटकन समजेल. फरक एवढाच की कँटोनीज माणसाला शब्दाचा अर्थ खटकत नाही, त्याचा आवाज खटकतो. सारख्या आवाजाचे शब्द या भाषेत इतके आहेत की एखाद्या निरुपद्रवी वस्तूचं नाव अशुभ शब्दासारखं वाजणं नेहमीचंच.

डुकराच्या यकृताला मूळ शब्द 'कोन्'. पण कोन् म्हणजे सुकं, आणि सुका खिसा म्हणजे पैसा नाही. म्हणून खाटिक त्याला 'यॉन्' म्हणतो, म्हणजे ओलसर, भरलेलं. जिभेचा मूळ शब्द 'सित्', पण सित् म्हणजे तोटाही, म्हणून प्राण्याच्या जिभेला 'लेइ', जे नफ्याच्या शब्दासारखं वाजतं. पंचांगाचं जुनं नाव 'थुङ्-स्यु'. स्यु म्हणजे पुस्तक, पण हरणंसुद्धा. सगळंच हरायचं पंचांग कोण घेईल? म्हणून ते झालं 'थुङ्-सिङ्', सगळीकडे जिंकणं. रिकाम्या घराचा 'हुङ्' हा शब्द अशुभाच्या शब्दासारखा, म्हणून भाड्याच्या पाटीवर 'कत्-उक्', शुभ घर. पेला उंचावतानाही चीनमध्ये इतरत्र 'पेला कोरडा' म्हणतात. कँटोनीज माणूस 'यम्-सिङ्' म्हणतो, पी आणि जिंक.

आकड्यांत तर पैसा ओतला जातो. चार आणि मरण, दोन्ही 'सेइ', फरक सुराचा. म्हणून हाँगकाँगच्या अनेक इमारतींना चौथा आणि चौदावा मजलाच नसतो. आठ, 'पात्', हा भरभराटीच्या 'फात्' जवळ वाजतो. अठराचा उच्चार 'नक्की भरभराट' याच्या जवळपास जातो, अठ्ठावीसचा 'सहज भरभराट'. गाड्यांच्या नंबरांच्या सरकारी लिलावात २००८ साली १८ हा नंबर १ कोटी ६५ लाख हाँगकाँग डॉलरला गेला आणि २०१६ साली २८ हा नंबर १ कोटी ८१ लाखांना. शब्दाच्या आवाजाला इतकी रोख किंमत क्वचितच कुठे मिळत असेल.

वाक्याचं शेपूट

कँटोनीज वाक्य संपतं तिथे एक छोटं अव्यय बसलेलं असतं. अशी अव्ययं तीसहून जास्त आहेत आणि बोलणाऱ्याचा सगळा कल त्यांत असतो. सूर शब्दाचा अर्थ ठरवण्यात गुंतलेला, त्यामुळे शंका, आश्चर्य, खात्री दाखवायला आवाज हवा तसा चढवता-उतरवता येत नाही. ते काम ही अव्ययं करतात. एकच वाक्य घेऊ: 'खोय म्-लय', म्हणजे तो येत नाही. 'खोय म्-लय मे?' म्हणजे 'काय सांगता, तो येत नाही?' 'खोय म्-लय क्वा' म्हणजे 'बहुतेक नाही यायचा'. 'खोय म्-लय लो' म्हणजे 'नाही येत, झालं, त्यात काय'. आणि 'खोय म्-लय वो', शेवटचा वो खालून चढवत म्हटला, तर 'तो येत नाहीये म्हणे'. ऐकीव बातमी स्वतःच्या अंगावर न घेता पुढे सरकवणारा आपला 'म्हणे' अनेक भाषांत सापडत नाही. इथे तो नेमक्या आपल्याच जागी, वाक्याच्या टोकाला सापडतो.

ही अव्ययं वर्तमानपत्रात दिसत नाहीत, कारण कँटोनीज माणूस बोलतो एक आणि लिहितो दुसरं. शाळा, बातम्या, सरकारी कागद यांची भाषा प्रमाण चिनी. ती हाँगकाँगमध्ये कँटोनीज उच्चारात वाचतात. बोलताना 'आहे' साठी 'हय', लिहिताना मात्र 'सी'. बोलीतले शब्द लिहायला लोकांनी खास अक्षरं केली. त्यांतलं सर्वांत गमतीदार 'मोउ', म्हणजे नाही. 'यौ', म्हणजे असणे, याचं अक्षर घ्यायचं आणि त्याच्या पोटातल्या दोन रेघा काढून टाकायच्या. जाहिराती, चॅट आणि कॉमिकमध्ये ही अक्षरं मोकळेपणाने वावरतात. फक्त वर्तमानपत्र वाचून कँटोनीज शिकलेला माणूस बाजारात ग्रंथासारखा बोलतो.

मुंबईचा धागा

या भाषेशी मुंबईचा संबंध जुना आहे. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी कँटन हे एकच बंदर खुलं होतं, आणि मुंबईचे पारशी व्यापारी तिथे कापूस आणि अफू घेऊन जात. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. पारशांच्या पांढऱ्या पगड्या पाहून कँटनच्या लोकांनी त्यांना 'पाक्-थौ', म्हणजे पांढरं डोकं, म्हटलं. या व्यापाराच्या खुणा हाँगकाँगच्या इंग्रजीत अजून आहेत. तिथल्या पार्किंगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर 'श्रॉफ' लिहिलेलं असतं, तो आपला सराफ, आणि पावसाच्या पाण्याच्या मोठ्या चराला 'नाला'च म्हणतात. मुंबईत जन्मलेले होर्मसजी मोदी हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीतले मोठे देणगीदार. त्यांच्या नावाचा रस्ता कँटोनीजमध्ये 'मो-तेइ' झाला. उलट दिशेने चाऊमीन आणि चॉप्सी आपल्या चायनीजच्या गाडीवर आले. चॉप्सीचं मूळ 'चाप्-सोय', म्हणजे बारीकसारीक सरमिसळ.

सुरुवात कशी करावी

पहिल्या आठवड्यात शब्द थोडेच घ्यावेत, पण वाक्यात बसलेले. सकाळी भेटल्यावर 'चोउ-सन्'. पुस्तकातला 'नेइ-होउ' ओळखीच्या माणसांत औपचारिक वाटतो; त्यापेक्षा 'सिक्-चो-फान् मेइ आ?', म्हणजे जेवलात का, हे आपल्या माणसांत चालतं, आणि त्याचं उत्तर 'जेवलो' एवढंच द्यायचं, जेवणाचा बेत सांगत बसायचं नाही. फोनवर 'वय'. परीक्षेला किंवा सामन्याला निघालेल्याला 'का-यौ', शब्दशः तेल घाल, म्हणजे जोर लाव. याचं इंग्रजी रूप २०१८ साली ऑक्सफर्ड शब्दकोशातही गेलं. नोकरी गेलेल्याबद्दल 'छाउ-यौ-यू', म्हणजे माकूल परतला. परतल्यावर माकूल गुंडाळतो, तसा नोकर आपली वळकटी गुंडाळून निघतो. हे त्याच्यासमोर म्हणायचं नसतं.

मग लाल मिनीबसमध्ये बसावं. तिथे थांबे ठरलेले नसतात आणि बऱ्याचदा घंटाही नसते. उतरायचं असेल तर मोठ्याने सांगावं लागतं: 'काय-हौ यौ-लोक्, म्-कोय!' काय-हौ म्हणजे रस्त्याचं तोंड, यौ-लोक् म्हणजे उतरणारे आहेत. सूर साफ असला तर गाडी थांबते, नसला तर पुढच्या चौकात उतरून चालत यावं लागतं. एवढी चोख परीक्षा कोणत्याही वर्गात होत नाही.

शेवटी एक वाक्य पाठ करून ठेवावं: 'नी-को तिम्-कोङ् आ?', म्हणजे याला काय म्हणतात? बाजारात वांग्यावर, खाणावळीत शेजारच्या ताटावर, बसमध्ये खिडकीबाहेर बोट दाखवून हे विचारता येतं. उत्तर देणारा शब्द सांगतो, तुम्ही म्हणता, तो मान हलवून सूर दुरुस्त करतो आणि बहुधा तो शब्द कुठे वापरायचा नाही हेही सांगतो. त्यावर काय म्हणायचं? त्याने तुमच्यासाठी कष्ट घेतले, म्हणून म्-कोय. बरोबर वांगंही फुकट दिलं, तर तोचे.